बाहेर उघडणारं दार

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या त्या ज्यांनी तीस-तीस वर्षं एक काम केलं त्यांनी. माझी नोकरी जेमतेम चार वर्षांची, आणि तीही अर्ध्या दिवसाची. सकाळी आर्किटेक्चरचं कॉलेज आणि दुपारी एकपासून वाशीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम. परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे मी आर्किटेक्टही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. त्यांना अंगठ्याऐवजी सही करायला मीच शिकवलं. अशा माणसानं छापील अंकात लिहायचं म्हणजे आगाऊपणा वाटतो. पण आमच्या सेक्टरच्या या अंकाच्या संपादकांनी दोनदा घरी येऊन सांगितलं, "कामाबद्दल लिही, स्वतःबद्दल नको." म्हणून लिहितो आहे. स्वतःबद्दल आलंच तर माफ करावं.

आमच्या ऑफिसात येणारी बहुतेक माणसं फ्लॅटवाली. एकाला बाल्कनी बंद करून मुलाला अभ्यासाला खोली हवी असते, दुसऱ्याला स्वयंपाकघरातून टीव्ही दिसायला हवा असतो. नेरूळचे एक गृहस्थ तर दर रविवारी नकाशावर पंचांग ठेवून मोरी सरकवत. अखेर मोरी हॉलमध्ये आली, तेव्हा त्यांच्या पत्नीनं तो नकाशा आमच्यासमोर फाडला. ही कामं त्रासाची असली तरी कळणारी असतात. जोमाशेठचं काम वेगळं होतं.

जोमाशेठ घरत हे वाशीजवळच्या एका जुन्या गावातले. भातशेती आणि मिठागर होतं, ते शहरासाठीच्या भूसंपादनात गेलं. बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आता त्यांची चार मजली बिल्डिंग आहे. थोरला मुलगा दिनेश बांधकामाचा धंदा बघतो. धाकट्याला त्यांनी नवीन मोटरसायकल घेऊन दिली आणि तो तिसऱ्या आठवड्यात हायवेवर अपघातात गेला. हे सगळं मला नंतर कळलं. ऑफिसात ते आले तेव्हा पांढरा शर्ट, कपाळाला काही नाही, पायात साध्या स्लिपर, एवढंच दिसलं.

"मना एक खोली पायजे," ते म्हणाले. "रानात. एकट्यापुरती. रांधाचं, झोपाचं, आनि बसाचं."

बसायचं म्हणजे ध्यानाला. मुलगा गेल्यानंतर त्यांनी कुठलं तरी दहा दिवसांचं मौनाचं शिबिर केलं होतं आणि तेव्हापासून ते रोज बसत. पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला अगदी लागून, त्यांची एक जुनी जागा होती. तिथे त्यांना राहायला जायचं होतं.

आमचे सर हसत मला म्हणाले, "घे. वॉचमनच्या केबिनपेक्षा थोडी मोठी. तुझ्या हाताला चांगलं वळण लागेल."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पंधरा दिवस लागले. मोठ्या घरात चूक लपते, लहान खोलीत ती पायात येते. दहा फूट बाय चौदा फुटांत चूल, मोरी, अंथरूण आणि ध्यानाची जागा बसवायची. चुलीचा धूर ध्यानावर जाता कामा नये आणि अंथरुणातून उठून ध्यानाला बसताना आपण "दुसरीकडे" आलो असं वाटलं पाहिजे. भिंत घातली तर दोन्ही बाजू कोंबडीच्या खुराड्यासारख्या होत होत्या. शेवटी मी भिंत काढून टाकली आणि खोलीच्या मागच्या निम्म्या भागाची जमीन सहा इंच उंच केली. एक पायरी चढली की बसायची जागा. सरांनी लाल पेन्सिलीनं त्याभोवती गोल केला आणि "छान" असं लिहिलं. तो कागद मी अजून ठेवला आहे.

खिडकीवरून मात्र शेठचं आणि माझं जुंपलं. खिडकी आपण उभ्या माणसासाठी काढतो. ध्यानाला बसलेल्याचे डोळे अडीच फुटांवर असतात. मी त्यांना ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसवलं आणि टेपनं डोळ्यांची उंची मोजली. बाहेर सागाची, ऐनाची झाडं आहेत, त्या उंचीवर छान चौकट मिळेल, असं मी उत्साहानं सांगायला लागलो.

"झाड नको," ते म्हणाले. "झाड बघीत बसलो तं बसलो कशाला?"

"मग काय दिसायला पाहिजे?"

"जमीन. नुसती जमीन दिसली तं पुरं."

म्हणून जमिनीलगत एक फूट उंच आणि चार फूट रुंद अशी फट काढली, आतून लाकडी झडप आणि बाहेरून गज. बसलेल्या माणसाला त्यातून फक्त माती दिसते. मला ते विचित्र वाटलं, पण ज्याची शेती गेली त्याला काय बघावंसं वाटतं ते मी काय सांगणार.

उठताना ते म्हणाले, "आनि दाराला आतून कडी. जाड. एकदा लावली का भायेरून कोनाचा हात चालला नाय पायजे. कोनाचाच."

मी वहीत लिहून घेतलं.

चार दिवसांनी त्यांची बायको, हिराकाकू, ऑफिसात आल्या. सर साइटवर गेले होते. काकूंच्या हातात मार्केटची पिशवी होती, म्हणजे घरी भाजी आणायला जाते म्हणून सांगून आल्या होत्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "शेठचा नकशा तूच काढतंस ना?"

"हो. बसा ना काकू."

"बसाला येल नाय. पोरा, यांना आतून कडी लावू देऊ नको."

मी पेन खाली ठेवलं. त्या पिशवी खाली न ठेवता बोलत राहिल्या. "पोरगा गेल्यापास्नं ते दार लावून बसतान. दोन टायमाला आमी दार तोडलाय. एकदा न्हानीचा, एकदा वरल्या खोलीचा. आतमंदी काय करतान ते मना ठाव नाय. इचारला तं बोलतान, ध्यान. आसंल ध्यान. पन मी बायको हाय त्यांची, मना भ्या वाटतं. घरात दिनेश हाय, दार तोडतो. रानात कोन तोडंल?"

"मी सरांना सांगतो," मी म्हणालो.

"सर शेठला सांगतील. मंग शेठ दुसरा आर्किटेक पकडतील." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुझे वडील काय करतान?"

"माथाडी आहेत. मार्केटला."

"आई हाय?"

"आहे."

"मंग तुला कळंल," एवढं म्हणून त्या गेल्या.

त्यानंतरचे आठ दिवस मला अभ्यास सुचला नाही. ज्याचं घर त्याचं ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण काकू खोटं बोलत नव्हत्या. सरळ जाऊन शेठना सांगावं, "काकू घाबरल्या आहेत," असं दहादा मनात आलं. पण एवढा मोठा माणूस, त्याचा मुलगा गेलेला, आणि मी शिकाऊ पोरगा. तोंडानं बोलता येत नव्हतं ते मी पेननं केलं.

दाराची बिजागरी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्या मधोमध एक लोखंडी खिळा असतो. खिळा काढला तर बिजागरीचे दोन भाग सुटे होतात आणि दार निघतं. दार ज्या बाजूला उघडतं, त्या बाजूला हा खिळा राहतो. म्हणूनच घराचं बाहेरचं दार नेहमी आत उघडतं, म्हणजे खिळे घरातल्या माणसाच्या ताब्यात राहतात. बाहेर उघडणारं दार लावायचंच असेल तर ज्यांचा खिळा निघत नाही अशा पक्क्या बिजागऱ्या घालतात.

मी दार बाहेर उघडणारं दाखवलं आणि सामानाच्या यादीत साध्या, खिळा निघणाऱ्या तीन बिजागऱ्या लिहिल्या. कडी शेठनी सांगितली तशीच, आतून, जाड.

सर तपासायला बसले. त्यांची लाल पेन्सिल दारापाशी थांबली. "हे बाहेर का उघडतंय?"

"सर, आत उघडलं तर दाराचं पान चुलीवर येतं. तीन फूट जागा जाते."

हे खरंही होतं. म्हणूनच ते जास्त खोटं होतं.

"आणि बिजागऱ्या?"

"पक्क्या घालू, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापलेले मला जाणवत होते. मग त्यांनी यादी न उलटताच सही केली. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच उलटली नाही.

सुतारानं साइटवर विचारलं, "बाहेरच्या दाराला ही बिजागरी? चोराची सोय केलीत काय?" मी म्हणालो, "असंच हवंय त्यांना." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

खोली पूर्ण झाली. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे छोटा ओटा. शेठ एका सकाळी सामान घेऊन आले. दाराबाहेर ओट्यावर बराच वेळ उभे राहिले, मग आत गेले आणि कडी लावून पाहिली. खण्ण असा आवाज आला. कडी काढून बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्येस." मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

त्यांनी महिनाभराचं मौन धरलं. जवळच्या वाडीतली एक बाई रोज सकाळी ओट्यावर भाताचा डबा आणि पाण्याची कळशी ठेवायची आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन जायची. भेटायचं नाही, हाक मारायची नाही. रिकामा डबा म्हणजेच खुशाली.

अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. नेमका मीच उचलला. काकू होत्या.

"पोरा, डबं भरलेलं हायेत."

"किती दिवस?"

"आज तिसरा. वाडीची बाई आज नाक्यावर येऊन फोन केलान. कळशी पन तशीच हाय. खालची खिडकी पन लावलेली." मग एकदम, "तू काय केलास दाराला?"

"केलंय, काकू. मी येतो."

दिनेश जीप घेऊन आला. मी साइटच्या पेटीतून हातोडी आणि एक जाड खिळा घेतला होता. ते बघून तो म्हणाला, "हातोडी कशाला? पहार हाय गाडीत." मी मागे बसलो. हायवेवर एका जागी काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि दिनेशनं उगाचच गिअर बदलला. मला तेवढ्यात कळलं की तीच ती जागा. पनवेलच्या गर्दीत जीप अडकली तेव्हा दिनेश हॉर्नवरून हात काढेना. "बाजूला हो ना रे," असं तो काचेतल्या काचेत ओरडत होता, आणि काकू म्हणत होत्या, "शिव्या देऊ नको, आज नको."

ओट्यावर तिन्ही डबे ओळीनं ठेवले होते. पहिल्याभोवती मुंग्या लागल्या होत्या.

काकूंनी दारावर थाप मारली. "अवो! मी आयलेय." परत थाप. "दिनेश पन आयलाय." आतून काहीच नाही. दिनेशनं खांदा मारला, मग लाथ. दार हललंही नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाहेर उघडणारं दार आत पडत नाही, ते चौकटीवरच आदळतं. म्हणजे माझ्या शहाणपणानं हे दार साध्या दारापेक्षा तोडायला अवघड झालं होतं. आता खिळे निघाले नाहीत तर?

"थांबा," मी म्हणालो, आणि खालच्या बिजागरीपाशी बसलो. खिळ्याच्या खाली माझा खिळा लावून हातोडी मारली. काही हललं नाही. परत मारली. नीट बघितलं तर रंगाऱ्यानं बिजागऱ्यांसकट दार रंगवलं होतं. आपल्याकडे तसंच करतात. दोन हात ऑइल पेंट, आणि त्यात खिळा चिकटून बसलेला. नकाशात मी सगळं लिहिलं होतं, "बिजागऱ्या रंगवू नयेत" एवढं लिहिलं नव्हतं.

"काय चाललंय तुमचं?" दिनेश ओरडला. "बाजूला व्हा, चौकट उखडतो मी." त्यानं पहार लावली. चौकट सागाची, भिंतीत पोलादी पट्ट्यांनी धरलेली, तीही मीच दाखवलेली. विटेचा टवका तेवढा उडाला.

माझ्या शर्टाच्या खिशात अर्धं ब्लेड असतं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की आम्ही ती ब्लेडनं खरवडून काढतो. त्या ब्लेडनं मी बिजागरीच्या फटीतला रंग खरवडायला लागलो. बोट कापलं. काकू दाराला कान लावून उभ्या होत्या आणि आत काहीतरी सांगत होत्या, अगदी हळू, घरातलं काहीतरी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली. खालचा खिळा निघाला. मधला निघाला. वरचा निघेना. दिनेशनं पहार टाकली आणि माझ्या हातातली हातोडी घेतली. "तुम्ही धरा, मी मारतो." चौथ्या की पाचव्या घावाला तो उडून ओट्याखाली पडला.

आम्ही दार बिजागरीच्या बाजूनं ओढलं. ते तिरकं झालं आणि कडीवर लटकत राहिलं. कडी आतून लागलेलीच होती.

शेठ पायरीवरच्या भागात, भिंतीकडे तोंड करून, कुशीवर पडलेले होते. काकू ओट्यावरची कळशी घेऊन आत गेल्या, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदर कळशीत बुडवून ओठांवर पिळला. आम्ही दोघं दारातच. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. ती हलते आहे की नाही ते बराच वेळ कळेना. मग घसा हलला. त्यांनी पाणी गिळलं. डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं, मग लटकत्या दाराकडे, त्या कडीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझ्या हातात बिजागरीचे दोन खिळे होते.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उपास होता का?" दिनेशनं आईकडे बघितलं, आईनं जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू एका माणसाला वाचवलंस की त्याचं ध्यान मोडलंस, मला सांगता येणार नाही. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोललास, हे सांगता येईल. उद्या माझ्या सहीखाली आणखी काय असेल?" नोकरी गेली नाही. तीन महिने मला नकाशाला हात लावू दिला नाही. अमोनियाच्या मशीनवर नकाशांच्या प्रिंट काढायला बसवलं. त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, त्यामुळे कुणी काही विचारायचं नाही.

शेठ बरे होऊन घरी आले, खोलीला कुलूप लागलं, एवढं कळलं. मी एकदा त्यांच्या बिल्डिंगपर्यंत गेलो. खाली रिक्षा थांबतात तिथे अर्धा तास उभा राहिलो आणि परतलो. काय विचारणार? उपास होता की दुसरं काही, हे मला कळायला हवं होतं. कारण उपास असेल तर मी त्यांचा विश्वासघात केला होता. आणि दुसरं काही असेल, तरीही केलाच होता. यानंतर मी लहान-मोठी बरीच कामं केली. प्रत्येक नकाशात दारापाशी आलो की हात थांबतो.

दीड वर्षानंतर, गेल्या उन्हाळ्यात, दिनेश ऑफिसात आला. त्याच्या कुठल्याशा बिल्डिंगच्या कंपाउंडचं काम होतं. सरांशी बोलून झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"बाबा परत तिकडं गेलेत. होळीपासून."

माझ्या हातातलं पेन ट्रेसिंगवर टेकलं आणि शाईचा थेंब पसरला.

"आईनं जाऊ दिलं?"

"आईच सोडून आली. आयतवारी घरी येतात जेवायला. बांगडा लागतो ना." तो हसला, मग थांबला. "तुमच्यावर राग होता त्यांचा. दाराचा नाय. ते बोलले, दार कसं हाय ते मना पयल्याच दिवशी कळलं व्हतं, ओट्यावर उभा राहिलो तवाच. खिळे भायेर. जन्म काय असाच गेला काय माझा? पन पोरानी मना तोंडानी सांगाया पायजे व्हतं. मी त्याला नको बोललो नसतो."

मी मान खाली घातली. मग सगळा धीर गोळा करून विचारलं, "त्या तीन दिवसांत नक्की काय झालं होतं?"

दिनेशनं टेबलावरची पट्टी उचलली, परत ठेवली. "पयले दोन दिवस जगायचंच नव्हतं, असं बोलले. आईसमोरच बोलले. तिसऱ्या दिवशी बाहेर डबा ठेवल्याचा आवाज आला आणि भूक लागली. उठून कडी काढाला गेले तं उठवेना. हाक मारली तं आवाज येईना. मंग दाराकडं डोकं करून पडून राहिले, कोन ठोकतंय का बघीत. तुम्ही येईपर्यंत वाट बघून बघून कूस बदलली होती."

सर आतून काहीतरी विचारत होते, ते मला ऐकू आलं नाही.

दिनेश उठला. जाता जाता म्हणाला, "हां, मेन काम राहिलं. आता ते कडी लावतच नाहीत. पण दार बाहेर उघडणारं, वाऱ्यानी आपटतं दिवसभर. बाबांनी सांगितलंय, त्या पोराला इचार, त्याचं काय करायचं."